तू कुणाचा, असं विचारणारा ढोल

नायजेरियातल्या इबादानच्या एका लग्नात हॉलच्या गेटवर एका ढोलवाल्यानं मला अडवलं. अडवलं म्हणजे हात आडवा घालून नाही, तर काखेत ढोल दाबून तो माझ्यासमोर उलटा चालत चालत वाजवायला लागला, मी आपला खिशातून नोट काढतोय तोवर माझ्यासोबत आलेले ऑफिसमधले बाबा थांबले आणि त्यांनी त्या ढोलाला उत्तर दिलं. तोंडानं, योरुबा भाषेत, जसं आपण एखाद्या माणसाला देतो तसं. मग ढोल परत काहीतरी बोलला, बाबा मोठ्यानं हसले आणि आजूबाजूचे चारपाच लोकही हसले. मी विचारलं काय झालं. बाबा म्हणाले, "तो विचारतोय की हा पाहुणा कोण, कुणाचा मुलगा, कुठल्या गावचा, माहीत नसेल तर ह्याच्या नावानं मी वाजवू काय?"

लेगोसला मी चार वर्षं होतो, नोकरीसाठी. तोपर्यंत मला टॉकिंग ड्रम म्हणजे कायतरी जंगलातला टेलिग्राम वाटायचा, ठराविक ठोके म्हणजे ठराविक निरोप, शत्रू आला, राजा वारला वगैरे. लहानपणी गोष्टीच्या पुस्तकात असंच काहीतरी वाचलेलं असणार. त्या दिवशी गेटवर पहिल्यांदा कळलं की हे तसं अजिबात नाही. तो खरंच बोलत होता.

बाबा म्हणजे आमच्या ऑफिसमधले अकाउंट्सचे सिनियर, साठीला आलेले. योरुबात वडिलांना आणि वडीलधाऱ्या माणसाला बाबाच म्हणतात, त्यामुळे मला त्यांना हाक मारताना कधीच परकं वाटलं नाही. मूळचे ओयोचे, आणि त्यांचं आजोळ ढोलवाल्यांचं. परतीच्या वाटेवर लेगोस-इबादान रोडला नेहमीसारखं ट्रॅफिक तुंबलं, तिथं ह्याला गो-स्लो म्हणतात, आणि त्या तीन तासांत बाबांनी मला गाडीत बसून सगळं समजावलं.

योरुबा ही सुरांची भाषा आहे. तीन सूर, खालचा, मधला आणि वरचा, आणि सूर बदलला की शब्दच बदलतो. बाबांनी 'ओको' हा शब्द घेतला. दोन्ही अक्षरं मधल्या सुरात म्हटली तर नवरा. दुसरं अक्षर खाली उतरवलं तर गाडी. दुसरं वर नेलं तर कुदळ. आणि दोन्ही खालच्या सुरात म्हटली तर भाला. शाळेत मुलांना हे डो रे मी लावून शिकवतात म्हणे. मी ते डोक्यात सा रे ग करून घेतलं, म्हणजे नवरा रे रे, गाडी रे सा, कुदळ रे ग, भाला सा सा. मग बाबांनी तोंड मिटलं आणि नुसतं गुणगुणत विचारलं, आता मी काय म्हटलं? रे सा होतं. मी म्हटलं गाडी. त्यांनी स्टिअरिंगवर थाप मारली, एवढे खूश झाले.

ढोल नेमकं हेच करतो. बोलण्यातली अक्षरं गळून जातात, क नाही, ओ नाही, काहीच नाही, फक्त सूर आणि लय उरते, आणि ती ढोलातून येते. पण मग एक अडचण आहे, जी माझ्या पण लगेच डोक्यात आली. रे सा म्हणजे काय फक्त गाडीच? त्या सुरात बसणारे ढीगभर शब्द असणार. तर म्हणूनच ढोल सुटा शब्द सहसा बोलत नाही. तो अख्खी ओळ बोलतो, म्हण बोलतो, कुणाच्या तरी घराण्याची स्तुती बोलतो, म्हणजे असं काहीतरी जे ऐकणाऱ्याच्या कानात आधीपासून बसलेलं आहे. आपल्याकडं कुणी गणपतीची आरती तोंड मिटून गुणगुणली तरी पहिल्या चार सुरांत आपल्याला शब्द ऐकू येतात ना, तसंच. फरक एवढाच की आपल्या आरतीची चाल कुणीतरी लावलेली असते आणि इथं चाल बोलण्यातच आहे, आई मुलाला जेवायला हाक मारते त्यातसुद्धा आहे.

बाबा एक किस्सा सांगायचे. त्यांच्या लहानपणी रेडिओवर कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी टॉकिंग ड्रमची एक धून वाजायची. रेडिओवाल्यांनी त्यात आपलं अधिकृत वाक्य बसवलेलं होतं, पण ऐकणारी पोरं त्या सुरांत आपापली वाक्यं घालायची, कुणाला त्यात 'इबादानचा राजा गेला तर गादीवर कोण' असं ऐकू यायचं. म्हणजे ढोल अर्धं बोलतो आणि उरलेलं अर्धं ऐकणाऱ्याकडं असावं लागतं. मला ही गोष्ट फार मोठी वाटली आणि अजूनही वाटते. ज्याच्याकडं ते अर्धं नाही त्याला फक्त ढामढुम ऐकू येतं, आणि मी पहिलं दीड वर्ष लेगोसमध्ये ढामढुमच ऐकत होतो.

पुढं दिवाळीच्या सुट्टीला जोडून बाबा मला ओयोला घेऊन गेले, मामाच्या घरी. मामा म्हणजे बाबांचे मामा, ऐंशीच्या पुढचे, आणि जातिवंत ढोलवाले. ह्या घराण्यांत मुलांची नावं 'आयान' नी सुरू होतात. आयान म्हणजे ढोलातली देवता, आणि आयान अगालू हा पहिला ढोलवाला, सगळ्यांचा मूळपुरुष. आयानवाले म्हणजे आयान घरी आला, आयानतुंदे म्हणजे आयान परत आला. नाव ऐकलं की कळतं घर कुठलं. आणि मामा पाच वेळा नमाज पढणारे मुसलमान होते बरं का, ओयोकडं हा ढोल वाजवणारे कितीतरी लोक मुसलमान आहेत, त्यांना त्यात काही विचित्र वाटत नाही आणि मलाही त्यांच्या अंगणात बसल्यावर वाटलं नाही. फुजी नावाचं जे संगीत लेगोसच्या प्रत्येक गल्लीत वाजतं ते तर रमझानमध्ये पहाटे लोकांना सेहरीला उठवायला पोरं जे गात-वाजवत फिरायची त्यातूनच आलंय.

मामांनी मला ढोल हातात दिला. ह्या ढोलाच्या कुटुंबाला दुंदुन म्हणतात. आकार डमरूचा, मध्ये कंबर बारीक, दोन्ही तोंडांना शेळीचं पातळ कातडं, आणि एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत उभ्या चामड्याच्या दोऱ्या, इतक्या जवळजवळ की लाकूड जवळपास दिसतच नाही. लाकूड ओमो नावाच्या झाडाचं. झाड शक्यतो रस्त्याकडेचं निवडायचं असं जुने लोक मानतात, कारण त्यानं येणाऱ्याजाणाऱ्या माणसांचं बोलणं ऐकलेलं असतं. न बोलणाऱ्या रानातल्या झाडाचा ढोल बोलणार कसा! काठी पुढं वाकलेली आणि टोकाला चपटी, मला एकदम गोंधळ्याच्या संबळाची वाकडी काठी आठवली. ढोल डाव्या खांद्याला अडकवायचा, दोऱ्या दाबल्या की कातडं ताणतं आणि सूर चढतो, सोडल्या की उतरतो. लहान ढोल, त्याला गांगान म्हणतात, तो काखेत धरून कोपरानं दाबायचा, मोठ्याच्या दोऱ्या डाव्या हाताच्या बोटांत पकडायच्या. दाबणं आणि मारणं ह्यांची वेळ जुळली तर शब्द, केसभर चुकली तर नुसता आवाज. मी दहा मिनिटं प्रयत्न केला, सूर वरखाली होत होते पण त्यात बोलणं काही येत नव्हतं.

तेवढ्यात मामांचा पणतू, पाच-सहा वर्षांचा, आला आणि त्यानं माझ्या हातातला ढोल घेतला, त्याच्या काखेत तो नीट मावतही नव्हता. त्यानं एकदाच वाजवलं, सूर मध्ये सुरू झाला, वर गेला आणि शेवटी खाली उतरला. आणि आत स्वयंपाकघरातून त्याच्या आजीचा आवाज आला, "कारो!" पोरानं ढोलावर गुड मॉर्निंग म्हटलं होतं, ए कारो, आणि आजीनं हातातलं काम न सोडता आतून उत्तर दिलं होतं. तिनं बाहेर डोकावूनसुद्धा बघितलं नाही.

एवढं एक दृश्य मी चार वर्षांतून घेऊन आलो असतो तरी मला पुरलं असतं.

दुंदुनचं पूर्ण पथक असतं तेव्हा त्यात सगळे ढोल बोलत नाहीत. जो बोलतो तो ईया ईलू, म्हणजे ढोलांची आई, त्याच्या कडेला पितळेच्या छोट्या घंटा लावलेल्या असतात, शावोरो, त्या सतत किणकिणतात. बाकीचे ढोल ठेका धरतात. आणि एक गुडुगुडू असतो, हो, नावच गुडुगुडू, गळ्यात अडकवायचा छोटा वाटीसारखा ढोल, दोन चामडी पट्ट्यांनी वाजवतात, त्याचा आवाज नावाप्रमाणेच, न थांबता. आई बोलत असते आणि पोरं खाली गलका करत असतात, अगदी घरासारखं.

पण दुंदुन हा त्यातला एकच. योरुबा माणसं आज ४ कोटींच्या वर आहेत, त्यांच्यात देव किती आणि ढोल किती ह्याला मर्यादा नाही. ओबाताला ह्या देवाचे ढोल इग्बिन, इफाच्या भविष्य सांगणाऱ्यांचे इपेसे, शिकाऱ्यांचे आगेरे, राजेलोकांचा ग्बेदू. मला ह्यात सगळ्यात ओढ लागली ती बाता ह्या ढोलाची. बाता शांगोचा, शांगो म्हणजे विजेचा देव, जो म्हणे आधी ओयोचा राजाच होता. हा ढोल लांबट, एका बाजूला मोठं तोंड, दुसऱ्या बाजूला लहान, आडवा गळ्यात घालतात, मोठ्या तोंडावर हात आणि लहान तोंडावर चामड्याची पट्टी. दोऱ्या दाबून सूर बदलायची सोय ह्यात नाही, त्यामुळं तो दुंदुनसारखं स्वच्छ बोलू शकत नाही. बाता तोतरा आहे असं तिथले लोक म्हणतात. तुटक, झटक्यात, अडखळत आणि प्रचंड वेगात बोलतो, कडाडणाऱ्या विजेसारखा, आणि दुंदुन समजणाऱ्यालाही बाता समजेलच असं नाही. त्याच्या मोठ्या तोंडावर एक काळा गोळा थापतात, इदा म्हणतात त्याला, त्यानं आवाज दबतो आणि जड होतो. मी बघितलं आणि तोंडातून निघून गेलं, "अरे ही तर शाई!" मग तबल्याचे फोटो मोबाईलवर दाखवत बसलो, मामा चष्मा लावून झूम करून बघत होते, त्यांनी दोनच प्रश्न विचारले, कशाची करतात आणि वाळायला किती वेळ लागतो. कारागिराचे प्रश्न.

आता ओरीकीबद्दल, कारण माझ्या मते खरी गोष्ट तिथं आहे.

ओरीकी म्हणजे स्तुती, पण नुसती वाहवा नाही. प्रत्येक माणसाची असते, घराण्याची असते, गावाची असते, राजाची असते. तुझा पणजोबा काय करायचा, कशाला घाबरला नाही, कुठून कुठं आला, घरात काय खात नाहीत, अंगाचा रंग कसा, एखादी जुनी फजिती पण असते त्यात. ढोलवाल्याला ह्या शेकडो पाठ असतात. राजवाड्याच्या दारात ढोलवाला बसलेला असतो आणि कोण येतंय ते आत बसलेल्या राजाला ढोलावरून कळतं, पहाटे राजाला उठवतात तेही आधीच्या राजांची नावं वाजवून. लग्नात गेटवर जो उभा असतो त्याचं कामही तेच, येणाऱ्याचं घराणं ओळखायचं आणि त्याला त्याच्या माणसांची आठवण करून द्यायची. मी मोठमोठ्या माणसांना, भरजरी आगबाडा, म्हणजे तिथला घोळदार झगा, घातलेल्या कंपनीच्या डायरेक्टर लेव्हलच्या माणसांना, ढोल ऐकता ऐकता मान खाली घालून डोळे पुसताना बघितलंय, कारण त्या ढोलानं त्यांच्या गेलेल्या आईच्या घराण्याचं नाव घेतलं होतं.

माझं गाव गडहिंग्लजकडचं. आमच्याकडं लहानपणी हेळवी यायचे, बैलावर बसून, आणि अंगणात बसून आमच्या घराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची नावं घडाघडा म्हणायचे, जी आमच्या आप्पांनासुद्धा माहीत नसायची. आजी सुपातून धान्य घालायची. ओयोच्या त्या अंगणात मला तेच आठवत होतं आणि घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं होतं. मी बाबांना हेळव्यांचं सांगितलं, त्यांनी मामांना योरुबात सांगितलं, मामा म्हणाले, मग तू परका कसा, तुला माहीतच आहे की सगळं.

आणि ढोल फक्त गोडच बोलतो असंही नाही. शब्द उच्चारलेला नसतो ना, त्यामुळं ढोलवाला राजाला जे तोंडावर कुणी बोलू शकत नाही ते बोलून जातो, ज्यांना कळायचं त्यांना कळतं. योरुबात एक म्हण आहे, ओगिदिग्बो नावाचा ढोल म्हणींतूनच वाजतो, शहाण्यालाच तो कळतो आणि जाणत्यालाच त्यावर नाचता येतं. दुसरी एक मामांची आवडती, ढोल फार मोठ्यानं वाजायला लागला की समजावं तो आता फाटणार. ही म्हण ते घरातल्या भांडणात पण वापरायचे.

मिशनरी लोक आले तेव्हा त्यांनी हे ढोल चर्चच्या दारातच थांबवले, मूर्तिपूजकांचे म्हणून. आणि इंग्रजी भजनांचे शब्द योरुबात करून इंग्रजी चालीवरच म्हणायला लावले. आता वर सांगितलंय ते आठवा, सूर बदलला की शब्द बदलतो. चाल वर जातेय आणि शब्दाला खाली जायचंय, म्हणजे देवासमोर उभं राहून लोक भलतंच काहीतरी म्हणत होते, आणि हे वर्षानुवर्षं चाललं. मग योरुबा ख्रिश्चनांनीच आपल्या भाषेच्या सुराला धरून नव्या चाली केल्या. प्रसिद्ध गायक फेला कुटीचे आजोबा, पाद्री होते ते, जे. जे. रॅन्सम-कुटी, त्यांची योरुबा भजनं १९२२ मध्ये लंडनमध्ये रेकॉर्डसुद्धा झाली. आज लेगोसमधल्या चर्चेसमध्ये गेलात तर गिटार आणि कीबोर्डच्या शेजारी गांगान असतो, आणि पाद्री बोलता बोलता थांबला की ढोल त्याचं वाक्य पूर्ण करतो.

एकोणिसाव्या शतकात ओयोचं साम्राज्य कोसळलं, युद्धं झाली, आणि हजारो योरुबा माणसं गुलाम म्हणून क्यूबात आणि ब्राझीलमध्ये विकली गेली. अंगावर काही नेता आलं नाही, ढोल तर नाहीच. तरी बाता क्यूबात आहे. लोकांनी तिथं, आठवणीतून, तिथल्या लाकडात परत तयार केला. तीन ढोल, ईया, इतोतेले, ओकोंकोलो, तिथं मांडीवर आडवा घेऊन दोन्ही हातांनी वाजवतात, आणि विधी करून सिद्ध केलेल्या ढोलातल्या शक्तीचं नाव काय, तर आन्या, म्हणजे आपला तो आयान. कितीतरी काळ हे ढोल बाहेरच्या माणसांपासून लपूनछपूनच वाजत राहिले, १९३० च्या दशकात हवानात फर्नांदो ओर्तिस ह्या अभ्यासकानं पहिल्यांदा लोकांसमोर त्यांचा जाहीर कार्यक्रम घडवून आणला. रोजच्या बोलण्यातून भाषा गेली, पूजेतल्या गाण्यांत राहिली, आणि ढोल देवाशी त्याच सुरात बोलत राहिला. मी हे मामांना विचारलं, तुम्हाला माहीत आहे का क्यूबाचं. ते म्हणाले, "माहीत आहे. ती आमची माणसं." आणि मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

लेगोसच्या मोठ्या पार्ट्यांना ओवाम्बे म्हणतात, त्यात ढोलवाल्यावर आणि नाचणाऱ्यांवर नोटा उधळतात, कपाळाला चिकटवतात, आपली दौलतजादाच म्हणा ना. २००७ च्या कायद्यानं तिथं नोटा उधळणं गुन्हा आहे, सहा महिन्यांची कैद होऊ शकते, पण उधळणं काही थांबलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर ढोलवाल्याचं घर त्यावर चालतं. मला त्याचं वाईट वाटत नाही. वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. एका कंपनीच्या कार्यक्रमात हॉटेलच्या लॉबीत दोन ढोलवाले उभे केले होते, सारखे कपडे घालून, शोभेला. त्यातल्या म्हाताऱ्यानं प्रमुख पाहुण्यांना ओळखलं आणि त्यांच्या घराण्याची ओरीकी सुरू केली, पाहुणे थांबले, ऐकायला लागले, आणि आयोजकांपैकी एकजण पळत आला की उशीर होतोय, हे बंद करा, फक्त म्युझिक वाजवा. फक्त म्युझिक! म्हाताऱ्यानं काठी खाली केली. मी तिथंच उभा होतो आणि काही बोललो नाही, त्याची टोचणी अजून आहे.

निघायच्या आदल्या आठवड्यात मी परत ओयोला गेलो. मामांनी विचारलं, तुझा आजोबा काय करायचा, नाव नको, काम सांग. मी म्हटलं शेतकरी, पण गावात आण्णांना ओळखायचे ते विहिरीसाठी, दुष्काळात त्यांनी भावाभावांनी मिळून विहीर खणली होती, अजून तिला पाणी आहे. मामा थोडा वेळ पुटपुटले आणि मग मोठा ढोल खांद्याला लावून एकच ओळ वाजवली, परत परत, पाच-सहा वेळा. ओमो आग्बेकांगा. ओमो म्हणजे लेकरू, कांगा म्हणजे विहीर. विहीर खणणाऱ्याचं लेकरू. मी फोनवर रेकॉर्ड केलं, मागं कोंबडा पण आरवतोय त्यात.

गावी आल्यावर आप्पांना ऐकवलं. आप्पा भजनी मंडळात पेटी वाजवतात. दोनदा ऐकलं, मग काही न बोलता उठले, पेटी काढली आणि भाता हलवत सूर शोधायला लागले. रे रे रे ग सा रे. आईनं विचारलं हे काय वाजवताय, तर म्हणाले, "आण्णांचं वाजवतोय, थांब." शेवटचा रे ते जरा लांबवत होते, भजनात धरतात तसा. मी म्हटलं आप्पा, तो आखूड आहे, तिथं धरायचं नाही. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा पहिल्यापासून घेतलं.